गॅदरिंगला पुराचं गाणं गाऊ का?

प्रिय ताई,
मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा बँड आहे, मी गाते आणि गिटार वाजवते. आतापर्यंत कव्हर्सच केली. 'झॉम्बी', 'अनदर ब्रिक इन द वॉल', 'बॉर्न इन द यूएसए' ही आमची ठरलेली गाणी. यंदा पहिल्यांदा मराठीत गाणं लिहिलं. आमचं घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला आहे आणि गाणं २०२३च्या सप्टेंबरमधल्या पुराच्या रात्रीचं आहे. गॅदरिंगला ते गायचं ठरवलं, तर कल्चरल सेक्रेटरी म्हणतो, "राजकीय काही नको." ड्रमरचे बाबा सरकारी नोकरीत आहेत, त्यामुळे तो कचरतोय. बेस वाजवणारा म्हणतो, रॉक म्हणजे धमाल, त्यात भाषणबाजी कशाला? माझे बाबा म्हणतात, प्लेसमेंटचं वर्ष आहे, नसते उपद्व्याप नकोत. कधी वाटतं, कुणाला न सांगता स्टेजवर गाऊनच टाकावं. कधी वाटतं, मराठीत हे रॉक वाटेल तरी का? बोल सोबत पाठवतेय. काय करू?
— अंबाझरीखालची गायिका

प्रिय गायिके,

गाणं सोडू नकोस. न सांगता मात्र गाऊ नकोस. आणि ध्रुवपद बदल. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून त्याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आधी तुझ्या कल्चरल सेक्रेटरीचं बघू. त्याला म्हणावं, बाबा रे, आम्ही इतके दिवस या स्टेजवर राजकीय गाणीच गातोय. 'झॉम्बी'च घे. २० मार्च १९९३ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला भर बाजारात, कचरापेट्यांमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने ठेवलेले बॉम्ब फुटले. तीन वर्षांचं एक लेकरू जागीच गेलं. बारा वर्षांचा दुसरा मुलगा पाच दिवसांनी दवाखान्यात दगावला. हे गाणं ज्या बँडचं, त्या क्रॅनबेरीजची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन स्वतः आयर्लंडच्या लिमरिककडची. आपल्या देशाचं नाव घेऊन कुणी पोरांचा जीव घेतं, याचा संताप त्या गाण्यात आहे. १९९४ साली ते आलं. तू ते गातेस तेव्हा समोरची मुलं मोबाइलचे टॉर्च लावून डोलतात, आणि आजवर कुणी तुला परवानगी विचारली नसेल.

'अनदर ब्रिक'चं तर पुढेच आहे. पिंक फ्लॉइडने ते १९७९मध्ये काढलं, इंग्लंडमधल्या शाळांच्या छडीमार शिस्तीवर. १९८०मध्ये दक्षिण आफ्रिकेत गोरे सोडून बाकीच्यांना मुद्दाम हलकं शिक्षण देतात म्हणून विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार घातला, आणि ती मुलं हेच गाणं म्हणत निघाली. तिथल्या सरकारने गाण्यावर बंदी आणली. लंडनच्या शाळेतल्या मुलांच्या आवाजातलं गाणं, आणि त्याचा खरा उपयोग केला तो वर्णभेदाखाली भरडलेल्या पोरांनी.

तेव्हा सेक्रेटरीची अडचण राजकारणाची नाही. वॉरिंग्टनचा बॉम्ब त्याला चालतो, दक्षिण आफ्रिकेचा बहिष्कार चालतो, अंबाझरीचं पाणी चालत नाही. त्या पाण्याचा जाब याच शहरातल्या कुणाला तरी विचारावा लागतो, आणि तो कुणीतरी उद्या गॅदरिंगचा प्रमुख पाहुणा असू शकतो. मुलगा वाईट नाही गं. परवानगीच्या अर्जावर त्याची सही असते, प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं त्याला राहावं लागतं. हे समजून त्याच्याशी बोल. पण "गाण्यात राजकारण नको" ही सबब मान्य करू नकोस, कारण ती खरी नाही.

आणि नागपुरात तर ती मुळीच शोभत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे नावाचे पुतळे असतात, आणि त्या बडग्यांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षी जे जे छळलं ते नावानिशी लिहिलेलं असतं. "घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं जुनं नागपूर रस्त्यावर येतं. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून ती बघतात आणि हे राजकीय आहे म्हणून कुणी त्यांना घरात कोंडत नाही. हिवाळी अधिवेशन आलं की राज्यभरातले मोर्चे आपल्याच रस्त्यांवरून जातात. २३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं किती होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. त्या शहरात वाढलेल्या मुलीने तिच्या घरात शिरलेल्या पाण्याबद्दल गायचं नाही, असं कुणी म्हणत असेल तर मी तुझ्या बाजूने उभी आहे.

आता तुझे बोल. पहिलं कडवं मी पुन्हा पुन्हा वाचलं:

महालक्ष्म्या जेवल्या, भांडी तशीच राहिली
पहाटे तीनला सगळी दारातून वाहिली
आईच्या डोक्यावर मार्कशीटची थैली
आजी म्हणे, मले राहू द्या, महालक्ष्मी वर नेली?

हे तू ओढूनताणून लिहिलेलं नाहीस. ज्येष्ठा गौरींच्या पूजनाची रात्र, घरोघरी सोळा भाज्यांचा स्वयंपाक झालेला, पाहुणे जाऊन बायका नुकत्या आडव्या झालेल्या, आणि २३ तारखेच्या पहाटे आभाळ फुटलं. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्तीत. त्या रात्रीची बातमी सगळ्यांनी वाचली आहे. पण पूर आला तेव्हा आईने सगळ्यांत आधी पोरांच्या मार्कशीट उचलल्या, हे बातमीत नव्हतं. ज्या घराला माहीत आहे की एकदा कागद गेला की ऑफिसांचे किती खेटे पडतात, त्याच घरातली आई असं करते. त्या एका ओळीत तुझा सगळा निषेध आलाय. कुणाला शिवी नाही, कुणाचं नाव नाही, आणि ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो.

मग ध्रुवपद येतं:

उठा रे उठा, पेटवा मशाल
बदला ही व्यवस्था, बदला हे हाल

हे मला नको आहे. ते फार जहाल आहे म्हणून नव्हे, ते कुणाचंही आहे म्हणून. निवडणुकीत कुठलाही पक्ष हे आपल्या प्रचाराच्या गाडीवर लावू शकेल, आणि ज्यांच्या कारभाराबद्दल तू गातेयस तेही लावू शकतील. तुझ्याच यादीतलं 'बॉर्न इन द यूएसए' आठव. त्याची कडवी व्हिएतनामहून परतलेल्या माणसाची आहेत. त्याला कामावर कुणी घेत नाही, त्याचा भाऊ तिकडेच संपला, आणि दहा वर्षांनीही त्याला जायला जागा नाही. पण ध्रुवपदात देशाचं नाव, वर मुठी आवळून म्हणावी अशी चाल. १९८४मध्ये गाणं गाजलं आणि सप्टेंबरात खुद्द अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचं नाव आशेचा संदेश देणारा गायक म्हणून घेतलं. लाखो लोकांनी ध्रुवपद ऐकलं, कडवी ऐकलीच नाहीत. स्प्रिंगस्टीनने हेच गाणं १९८२मध्ये नुसत्या गिटारवर रेकॉर्ड केलं होतं, ते १९९८मध्ये बाहेर आलं. ते एकदा ऐक. तीच कडवी, तोच माणूस, पण तिथे कुणाचीही फसगत होत नाही. तुमचा बँड ते मोठ्या आवाजात वाजवतो तेव्हा तुझ्या बेसवाल्याला तरी कडव्यांत काय आहे हे ठाऊक आहे का, एकदा विचारून बघ.

म्हणून ध्रुवपदातही त्याच रात्रीत राहा. पीटर गेब्रिएलचं 'बिको' १९८०चं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको पोलिसांच्या कोठडीत बेदम मार खाऊन १२ सप्टेंबर १९७७ला गेला. ते गाणं सुरू होतं महिना, साल, शहर आणि पोलिसांच्या खोलीचा नंबर सांगून. अगदी पंचनाम्यासारखं. आणि ध्रुवपदात काय, तर त्या माणसाचं नाव, त्याच्या भाषेतली हाक आणि माणूस गेला, एवढंच. घोषणा एकही नाही. ज्याने कधी दक्षिण आफ्रिका नकाशावर पाहिली नव्हती त्यालाही ते नाव पाठ झालं. तुझ्याकडे तारीख आहे, वेळ आहे, तलावाचं नाव आहे, आजीचा प्रश्न आहे. मला विचारशील तर "महालक्ष्मी वर नेली?" हेच ध्रुवपद होऊ शकतं. पहिल्यांदा ते आजी विचारते. दुसऱ्यांदा तेच वाक्य साहेबांना विचारल्यासारखं गायचं, कारण देवी वर नेली, माणसं खाली राहिली. शब्द तेच ठेव, आवाज बदल. रॉकला हे फार चांगलं जमतं.

नाव घ्यावं की नाही, हे तू विचारलं नाहीस, पण तो प्रश्न येणारच. दोन्ही वाटा आहेत. ४ मे १९७०ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनं चालू असताना नॅशनल गार्डने गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मेले. नील यंगने मासिकातले फोटो पाहून 'ओहायो' हे गाणं लिहिलं, त्याच महिन्यात ते रेकॉर्ड झालं, त्यात अध्यक्ष निक्सन यांचं नाव थेट घेतलं होतं, आणि कितीतरी रेडिओ स्टेशनांनी ते लावलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी जॉन फॉगर्टीने 'फॉर्च्युनेट सन' लिहिलं. त्यात कुणाचं नाव नाही. बड्यांची पोरं युद्धातून सुटतात आणि गरिबाची जातात, एवढंच आहे. दोन्ही गाणी पन्नास वर्षांनंतरही जिवंत आहेत. पण नाव घ्यायचं तर जे सिद्ध झालंय तेवढंच म्हण. पुरानंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. कागदोपत्री काय आहे ते वाचून काढ. व्हॉट्सॲपवर फिरलेला एक आरोप गाण्यात घुसला आणि तो खोटा निघाला, तर आईची मार्कशीटची थैलीही लोक खोटी म्हणतील. मला तुझ्या गाण्यात नावाची गरज वाटत नाही. अंबाझरी म्हटलं की नागपूरकराला पुढचं सांगावं लागत नाही.

बेसवाल्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भाषणाला ताल लावला की गाणं होत नाही, हे त्याचं खरं आहे. चाल पकडणारी नसेल तर कितीही न्यायाची बाजू असो, लोक चहा प्यायला निघून जातात. पण "आम्हाला फक्त धमाल करायची आहे" एवढ्याने माणूस राजकारणातून सुटतो असं नाही, हे त्याला सांग. चेकोस्लोव्हाकियात प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स नावाचा बँड होता. त्यांना सरकार उलथवायचं नव्हतं, त्यांना आपलं संगीत आपल्या पद्धतीने वाजवायचं होतं. सरकारने आधी त्यांचा धंद्याचा परवाना काढून घेतला, मग १९७६मध्ये पकडून खटला भरला. त्या खटल्याच्या संतापातून नाटककार वाक्लाव हावेल आणि त्यांच्या सोबत्यांनी जानेवारी १९७७मध्ये 'चार्टर ७७' हे जाहीर पत्रक काढलं. १९८९च्या डिसेंबरात हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. धमाल करण्याचा हक्क मागायला गेलेल्या पोरांपासून ही गोष्ट सुरू झाली.

मराठीत रॉक होतं का? मला हा प्रश्नच पटत नाही. इंडियन ओशनने नर्मदेच्या खोऱ्यातलं 'मा रेवा' गायलं. त्यांचा बेसवादक राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला. चेन्नईत सिनेदिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७मध्ये द कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड उभा राहिला, त्यांनी तिथल्या वस्त्यांमधल्या 'गाना' नावाच्या गाण्यांत रॉक आणि रॅप मिसळून जातीविरुद्धची गाणी तमिळमध्ये गायली. आपल्याकडे तर अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांनी नुसत्या डफावर मैदानं भरवली, आणि वामनदादा कर्डकांची गाणी आजही दीक्षाभूमीच्या वाटेवर ऐकू येतात. इलेक्ट्रिक गिटार हाताशी नव्हती, एवढाच फरक. ड्रमरला म्हणावं, नागपूरच्या मिरवणुकीतला धुमालचा ठेका नीट ऐक, पूर येतो तसा तो वाढत जातो. आणि तू "मले" म्हटलंस ते तसंच राहू दे, पुण्याच्या कुणाच्या सांगण्यावरून "मला" करू नकोस.

ड्रमरशी मात्र एकटीने बोल, तालमीत चौघांसमोर नको. सरकारी नोकरीतल्या घरात बदलीची धास्ती काय असते, हे ज्या घरात ती असते तिथेच कळतं. पुरावरच्या गाण्याने त्याच्या वडिलांवर काही येईल असं मला वाटत नाही, पण धोका त्याचा आहे, हिशेबही त्याने करायचा. त्याला वडिलांना बोल वाचून दाखवायला सांग. त्यानंतरही तो नको म्हणाला, तर त्या एका गाण्यापुरता त्याला मोकळं कर. पहिलं कडवं नुसत्या गिटारवर आधीच चांगलं उभं राहतंय. मित्राला भित्रा म्हणून बँड टिकत नाही.

आता न सांगता गाण्याचं. एल्व्हिस कॉस्टेलोने डिसेंबर १९७७मध्ये अमेरिकेतल्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या थेट कार्यक्रमात ठरलेलं गाणं मध्येच थांबवलं आणि रेडिओ कंपन्यांच्या मनमानीवरचं दुसरं सुरू केलं. १९८९पर्यंत त्याला त्या कार्यक्रमात पुन्हा बोलावलं नाही. ते त्याने स्वतःच्या नावावर केलं आणि स्वतः भोगलं. तू केलंस तर भोगेल कल्चरल सेक्रेटरी, आणि ज्याला तू विचारलंच नाहीस तो ड्रमर. तेव्हा संपूर्ण बोल छापून सेक्रेटरीला दे. प्राचार्यांकडे त्याच्यासोबत तू स्वतः जा. गाणं आमच्या घरचं आहे, त्यात कुणावर आरोप नाही, हवं तर आत्ता गाऊन दाखवते, असं म्हण. स्टेजवर बोलायचं तर दोनच वाक्यं, तारीख आणि ठिकाण. यादीत ते पहिलंही ठेवू नकोस आणि शेवटचंही नको. लोकांचे आवाज मोकळे झाले की मध्ये कुठेतरी गा, लगेच पुढे 'झॉम्बी' घे. ऐकणाऱ्यांना दोन्हींतला दुवा आपोआप कळेल.

नाहीच म्हणाले, तर गॅदरिंग सोड, गाणं नको. तुझ्या लेआउटमध्ये गणपतीच्या मांडवात एक संध्याकाळ मागून घे. ज्यांच्या घरात पाणी होतं ते समोर खुर्च्यांवर बसलेले असतील. रात्री दहाच्या आत स्पीकर बंद करायचा, हे लक्षात ठेव. माझ्या मते तर तिथेच ते आधी व्हायला हवं. कुठे खोटं वाजतंय ते ही माणसं तोंडावर सांगतील.

व्हिडिओ टाकायचा तर अख्खं गाणं टाक. तीस सेकंदांचा तुकडा कापून टाकलास की लोक आपल्याला हवं ते ऐकतात. खाली कुणी भांडायला आलं तर उत्तरं देत बसू नकोस. प्लेसमेंटला कंपनीवाले गुण आणि प्रोजेक्ट विचारतील. गाण्यापेक्षा कमेंटमधली हमरीतुमरी जास्त नडते, बाबांची काळजी तेवढ्यापुरती रास्त आहे.

बाबांना मात्र तू गाण्याच्या बाहेर ठेवलंयस, आणि मला वाटतं घरातला अडथळा तिथेच आहे. पहिल्या कडव्यात आई आहे, आजी आहे, बाबा नाहीत. त्या पहाटे ते कुठे होते, मेन स्विच कुणी पाडला, गाडी वाचली का, चिखल काढायला किती दिवस लागले, पंचनाम्याला माणूस कधी आला आणि त्याने वहीत काय लिहिलं, हे त्यांना बसवून विचार. दुसरं कडवं तू मला पाठवलेलंच नाहीस. ते त्यांच्याकडे आहे.

— ताई